एका ओबीडी पोर्टवर दोन-तीन उपकरणं: कशी जोडायची आणि कुठे थांबायचं

टुरिस्ट गाडीत जीपीएस ट्रॅकर आधीच असतो. घाट चढताना इंजिनचं तापमान समोर दिसावं म्हणून गाडीतले आकडे मोबाइलवर पाठवणारा ब्लूटूथ डोंगल येतो. मग कुणीतरी काचेवर वेग दाखवणारा हेड-अप डिस्प्ले सुचवतं, आणि वर डॅशकॅमची पॉवर केबलही ओबीडीवालीच मिळते. ओबीडी पोर्ट, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलायचं सॉकेट, मात्र गाडीला एकच. दुकानात दोन-तीनशे रुपयांना वाय आकाराची स्प्लिटर केबल मिळते, ती लावली की सगळं एकदम चालेल अशी समजूत असते. कधी चालतं. कधी दोन दिवस चालतं आणि तिसऱ्या दिवशी डॅशबोर्डवर एबीएसचा आणि इंजिनचा दिवा एकदम पेटतो.

हा लेख स्वतःच्या कारवर हे काम करू पाहणाऱ्यांसाठी आणि गॅरेजात नव्याने स्कॅनर हाताळणाऱ्या पोरांसाठी आहे. एक गोष्ट आधीच पक्की करा: वीज कितीही जणांत वाटता येते, पण इंजिनच्या कॉम्प्युटरला प्रश्न विचारणारा एका वेळी एकच हवा. खालची प्रत्येक पायरी याच नियमावर उभी आहे.

१. पोर्ट शोधा आणि त्यात काय आहे ते बघा

बहुतेक कारमध्ये हा पोर्ट ड्रायव्हरच्या गुडघ्यावर, स्टिअरिंगच्या खाली असतो. काही गाड्यांत त्यावर छोटं झाकण असतं, काहींत तो फ्यूज बॉक्सच्या शेजारी आत दडलेला असतो. मोबाइलचा टॉर्च लावून खाली वाका. १६ घरांचं, एक बाजू रुंद आणि एक अरुंद असलेलं सॉकेट दिसेल. रुंद बाजू वर धरली तर वरच्या रांगेत डावीकडून १ ते ८ आणि खालच्या रांगेत ९ ते १६. प्लगकडून बघताना हेच आकडे आरशातल्यासारखे उलटे होतात. मीटर लावताना सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून कागदावर आकृती काढून घ्या.

कामाच्या पिना एवढ्याच:

- ४ आणि ५: अर्थिंग, म्हणजे बॅटरीचा मायनस
- १६: बॅटरीचा थेट प्लस, चावी काढली तरी चालू
- ६ आणि १४: कॅन-हाय आणि कॅन-लो, म्हणजे बोलण्याच्या दोन तारा
- ७: के-लाइन, जुन्या पद्धतीची बोलण्याची तार; काही गाड्यांत तिच्या जोडीला १५ वर एल-लाइन

बाकीच्या पिना कंपनी आपापल्या सोयीने वापरते. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

आता बघायचं ते एवढंच, की ६ आणि १४ नंबरच्या घरात धातूची पिन आहे का. भारतात बीएस-४ गाड्यांना ओबीडीचा पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आणि दुसरा एप्रिल २०१३ पासून लागू झाला. त्यानंतरच्या कारमध्ये कॅन मिळण्याची शक्यता मोठी. त्याआधीच्या गाड्यांत सॉकेट १६ घरांचंच असतं, पण आत फक्त ४, ७ आणि १६ अशा मोजक्या पिना सापडतात. ही के-लाइनवाली गाडी. तिच्यावर डेटा वाचणारी दोन उपकरणं लावायचा विचार इथेच सोडा. के-लाइन ही एकच तार आहे, वेग १०,४०० बॉड. बोलणं सुरू करायलाच एक ठरावीक ‘जाग’ संकेत द्यावा लागतो. दुसऱ्या उपकरणाने मध्येच तो संकेत दिला की पहिल्याचं संभाषण तुटतं. अशा गाडीत एक डेटावालं आणि बाकी फक्त वीज घेणारी, एवढीच मर्यादा.

मोठे ट्रक आणि बस २४ व्होल्टच्या असतात. मासळीच्या किंवा चिऱ्यांच्या गाडीवर कारचा डोंगल लावून बघायचा मोह होत असेल तर आधी मीटर लावा. बीएस-६ मोटरसायकलींना बहुतेक वेळा ६ पिनांचा वेगळा कनेक्टर असतो, त्यांना वेगळी केबल लागते.

२. कुणाला वीज हवी आणि कुणाला माहिती, याची यादी करा

बाजारात ‘ओबीडी’ म्हणून विकली जाणारी अर्धी उपकरणं गाडीशी बोलतच नाहीत.

डॅशकॅमची ओबीडी केबल फक्त १६ आणि ४ नंबरवरून वीज घेते. तिचा पोर्टशी दुसरा काही संबंध नाही, आणि खरं तर तिने पोर्ट अडवायचं कारणही नाही. फ्यूज बॉक्समधून फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून जादा तार काढून देणारा तुकडा) लावून तिला वीज द्या. फ्यूज निवडताना चावी चालू केल्यावरच जिवंत होणारा घ्या. एअरबॅग, एबीएस आणि इंजिन कॉम्प्युटरच्या फ्यूजला हात लावू नका. डॅशकॅमला साधारण अर्धा अँपिअर लागतो, तेव्हा टॅपमध्ये ३ अँपिअरचा फ्यूज पुरतो. टॅप घेताना तुमच्या गाडीतला फ्यूज मिनी आहे, लो-प्रोफाइल मिनी आहे की मायक्रो, ते काढून बघा. दिसायला सारखे असतात, बसत नाहीत.

ट्रॅकरचं प्रकरण थोडं वेगळं. जागा त्याला स्वतःच्या जीपीएसवरून कळते, गाडीकडून फक्त वीज हवी असते. पण बरेच ओबीडी ट्रॅकर सवयीने इंजिनचे फेरे, इंधन, बिघाडाचे कोडसुद्धा विचारत राहतात. ही सवय बंद करता येते. विक्रेत्याच्या अ‍ॅपमध्ये किंवा एसएमएस कमांडच्या यादीत ‘ओबीडी डेटा’ किंवा ‘कॅन डेटा’ बंद करायचा पर्याय शोधा. इंजिन चालू आहे की बंद, हे ट्रॅकर व्होल्टेजवरूनही ओळखू शकतो. अल्टरनेटर चालू झाला की १३ च्या वर जातं, तेवढं त्याला पुरतं. एवढी एक सेटिंग बदलली की निम्मी भांडणं मिटतात.

पिवळ्या पाटीच्या प्रवासी गाड्यांत एआयएस-१४० या सरकारी मानकाचा प्रमाणित ट्रॅकर आणि पॅनिक बटण असतं. ते स्वतंत्र वायरिंगवर बसवलेलं असतं, ओबीडीत नाही. ‘तेच काढून जागा करू’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, गाडीच्या पासिंगला अडचण येईल.

विमा कंपनीने दिलेला डोंगल असेल तर त्याची पॉलिसीत अट असू शकते. २०२२ मध्ये विमा नियामकाने वापरानुसार हप्त्याच्या पद्धतीला परवानगी दिली, तेव्हापासून अशी उपकरणं दिसू लागली आहेत. तो काढून ठेवण्याआधी पॉलिसीचा कागद वाचा.

माहिती खरोखर हवी असणारी उरतात ती ही: मोबाइलचा डोंगल, हेड-अप डिस्प्ले, हातातला स्कॅनर. यांपैकी एका वेळी एकच चालू ठेवायचं ठरवून टाका. एक पळवाटही आहे. तापमान, वेग, व्होल्टेज, इंजिनचे फेरे हे सगळं एकाच डोंगलवरून एकाच अ‍ॅपमध्ये दिसतं, आणि काही अ‍ॅपमध्ये आकडे उलटे करून काचेवर पाडायची सोयही असते. वेगळा हेड-अप डिस्प्ले लागतोच कशाला, हा प्रश्न विचारून बघा.

३. कागद आणि सामान

कागद फार नाहीत: गाडीचं मॅन्युअल (फ्यूजचा तक्ता त्यात असतो), वॉरंटी पुस्तिका आणि उपकरणांची माहितीपत्रकं. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला लेखी विचारून ठेवा. वायर कापली तर वॉरंटीचा वाद हमखास होतो, प्लग लावून काढला तर सहसा होत नाही.

सामान:

- डिजिटल मल्टिमीटर, १० अँपिअर डीसीची रेंज असलेला
- एक प्लग आणि दोन सॉकेटची वाय केबल, लांबी ३० सेंटिमीटरच्या आसपास
- इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश
- डायइलेक्ट्रिक ग्रीसची छोटी ट्यूब
- झिप टाय, कापडी वायरिंग टेप
- १०, १५ आणि ३ अँपिअरचे सुटे फ्यूज
- १० नंबरचा पाना, बॅटरीच्या टर्मिनलसाठी

केबल घेताना दोन गोष्टी बघा. पहिली, सगळ्या १६ पिना आरपार जातात का. स्वस्त केबलमध्ये आठच तारा असतात, आणि ज्या गाडीत कंपनीने वेगळ्या पिना वापरल्यात तिथे कंपनीचा स्कॅनर मग अर्धवट बोलतो. दुसरी, १६, ४ आणि ५ च्या तारांची जाडी. ट्रॅकरमधलं मोबाइलचं मॉड्यूल नेटवर्कला हाक मारताना क्षणभर मोठा करंट ओढतं. केसासारखी तार असेल तर त्या क्षणी व्होल्टेज पडतं, आणि त्याच केबलवरचा डोंगल बंद होऊन पुन्हा चालू होतो. घाटात जिथे नेटवर्क जातं तिथे ट्रॅकर जोर लावून टॉवर शोधतो, म्हणून हा बिघाड आंबोलीत किंवा कुंभार्लीत दिसतो आणि गॅरेजात गाडी उभी केल्यावर दिसत नाही. मग मेकॅनिक ‘काही नाही’ म्हणून गाडी परत देतो.

लांब केबल टाळा. ५०० किलोबिटच्या वेगाने चालणाऱ्या कॅन तारेला लांब फाटे सोसत नाहीत, फाट्याच्या टोकावरून सिग्नल उलटून येतो. मीटरभर केबलला आणखी एक स्प्लिटर जोडून तिसरं सॉकेट काढणं हे तर सरळ बिघाडाला दिलेलं आमंत्रण.

स्विच असलेले स्प्लिटरही मिळतात. कल्पना चांगली, पण स्वस्त स्विच बहुधा फक्त १६ नंबरची वीज तोडतो. कॅनच्या दोन्ही तारा उपकरणाला जोडलेल्याच राहतात. स्विच बंद करून ६ आणि १४ आरपार आहेत का ते मीटरच्या बझरवर बघून घ्या.

डोंगलबद्दल थोडं. डोंगलच्या आतली ईएलएम३२७ ही चिप कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची. ती कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, आणि बाजारातला बहुतेक माल नकली चिपचा आहे. पाकिटावर ‘१.५’ आवृत्ती लिहिली असेल तर ती मूळ कंपनीने कधी काढलीच नव्हती. नकली म्हणजे निरुपयोगी असं नाही, तापमान आणि वेग बघायला चालतो. लांबलचक उत्तरं वाचताना मात्र अडखळतो. आयफोनला साधा ब्लूटूथ डोंगल चालत नाही, ब्लूटूथ एलई किंवा वायफायवाला घ्यावा लागतो.

४. पोर्ट साफ करा

देशावरच्या माणसाला ही पायरी वगळता येईल, कोकणात नाही. वेंगुर्ल्यापासून अलिबागपर्यंत खारी हवा सगळ्या पितळी-तांब्याच्या पिनांवर हिरवट थर चढवते. त्यात पावसाळ्यातली ओली पायताणं, दारातून आत येणारी छत्री, आणि फेरीबोटीवर उघड्या राहिलेल्या काचा. पोर्ट नेमका ड्रायव्हरच्या पायांवर असतो, सगळी ओल तिथेच जमते.

चावी काढा. टॉर्च लावून प्रत्येक घरात बघा. पांढरी भुकटी किंवा हिरवट किटण दिसलं तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, मऊ ब्रश फिरवा, पुन्हा मारा आणि दहा मिनिटं सुकू द्या. पॉलिश पेपर, कानस, सुई वापरू नका. पिनांवरचा मुलामा गेला की पुढच्या पावसात दुप्पट किटण येतं. पेट्रोलने तर मुळीच पुसू नका. सुकल्यावर उपकरणाच्या प्लगच्या पिनांवर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. पोर्टमध्ये ग्रीस भरू नका, त्यात वाळू चिकटते.

जुनी गाडी नुकतीच घेतली असेल तर याच वेळी पोर्टच्या मागच्या वायरिंगवर टॉर्च मारा. टेपच्या घड्यांत बारीक वाळलेला गाळ दिसला तर गाडीत पाणी शिरलेलं आहे. जुलै २०२१ मध्ये चिपळुणात पुराच्या पाण्याखाली गेलेल्या गाड्यांची संख्या मोठी होती, आणि पुरातली गाडी आतून घासूनपुसून विकली जाते. अशा गाडीवर एकसुद्धा जादा उपकरण लावू नका, आधी वायरिंग ऑटो इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

५. मीटर लावा: आधी वीज, मग ओहम

मीटरच्या जाड टोच्या गाडीच्या पोर्टमध्ये खुपसू नका. आतल्या चिमट्या पसरतात आणि नंतर प्रत्येक प्लग सैल बसतो. वाय केबल पोर्टला लावा आणि तिच्या मोकळ्या सॉकेटमध्ये मोजा. खराब झालंच तर दोनशे रुपयांचं होईल.

पहिलं मोजमाप व्होल्टचं. काळी टोच ४ वर, लाल १६ वर. इंजिन बंद असताना १२.४ ते १२.७ हवं. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर कॉम्प्युटरच्या हुकमाने वरखाली होतो, तिथे याहून कमी दिसलं तरी घाबरू नका. काहीच दिसलं नाही तर बहुधा फ्यूज उडालाय. हा फ्यूज अनेकदा आतल्या दिव्याशी, हॉर्नशी किंवा सिगारेट लायटरशी सामायिक असतो, म्हणून ‘डोंगल लावल्यापासून हॉर्न वाजत नाही’ ही तक्रार चमत्कारिक वाटली तरी खरी असते. फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा घाला, मोठा घालून बघू नका.

मग काळी टोच ४ वरून ५ वर न्या, आकडा तोच आला पाहिजे.

दुसरं मोजमाप ओहमचं, आणि खरा निकाल इथेच लागतो. कॅनच्या दोन तारांच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचा एकेक रोध असतो. दोन्ही समांतर, म्हणून ६ आणि १४ च्या मध्ये ६० ओहम दिसतात. मोजण्याआधी चावी काढून बॅटरीचं मायनस टर्मिनल सोडवा, कारण तारांवर वीज असताना ओहमचा आकडा खोटा येतो. टर्मिनल सोडवल्यावर घड्याळ आणि काचांची ऑटो सेटिंग जाईल, काही स्टिरिओ कोड मागतील. कोड जवळ नसेल तर आधी शोधा.

आलेला आकडा वहीत लिहा. ६० च्या आसपास असेल तर उत्तम. १२० दिसले तर एक टोक तुटलंय किंवा पोर्टच्या मागे गेटवे, म्हणजे पोर्ट आणि आतल्या तारांच्या मध्ये बसवलेला कॉम्प्युटर, आहे. नव्या गाड्यांत गेटवेमुळे वेगळाच आकडा येऊ शकतो, म्हणून सगळ्यात महत्त्वाचा तो तुमच्या गाडीचा मूळ आकडा.

आता प्रत्येक उपकरण गाडीपासून वेगळं हातात घ्या आणि त्याच्या प्लगच्या ६ आणि १४ मध्ये मोजा (आकडे उलटे, लक्षात ठेवा). काही हजार ओहम किंवा ‘ओपन’ आलं पाहिजे. १२० आले तर त्या उपकरणात स्वतःचा रोध बसवलेला आहे. असं एक उपकरण लावलं की गाडीचे ६० खाली येऊन ४० होतात, दोन लावली की ३०. सिग्नल दबतो. गाडी थंड असताना चालते, तापली की किंवा पावसात ओल धरली की त्रास देते. काही उपकरणांत हा रोध छोट्या स्विचने किंवा जंपरने काढता येतो. काढता येत नसेल तर ते उपकरण वाटणीच्या केबलवर लावू नका.

शेवटी सगळी उपकरणं केबलवर लावून, बॅटरी अजून सुटलेलीच ठेवून, पुन्हा ६ ते १४ मोजा. मूळ आकड्यापासून चार-पाच ओहमहून जास्त फरक नको.

६. जोडायचा क्रम

बॅटरीचं टर्मिनल लावा, वाय केबल पोर्टमध्ये पूर्ण दाबून बसवा आणि मग असं जा:

अ) फक्त वीज घेणारं उपकरण, म्हणजे डेटा बंद केलेला ट्रॅकर, पहिल्या सॉकेटमध्ये. त्याचा दिवा स्थिर होईपर्यंत थांबा.

आ) चावी ‘ऑन’ करा, इंजिन सुरू करू नका. डॅशबोर्डवरचे दिवे नेहमीसारखे पेटून विझतात का बघा.

इ) डेटावालं उपकरण दुसऱ्या सॉकेटमध्ये. अ‍ॅपमध्ये प्रोटोकॉल (गाडीशी बोलायची भाषा) ‘ऑटो’वर सोडू नका. पहिल्यांदा ऑटोने जो सापडेल तो लिहून घ्या, मग तोच कायमचा निवडा. बहुतेक कारमध्ये ‘आयएसओ १५७६५-४, कॅन ११ बिट, ५०० के’ असतो, काहींत २९ बिट. ऑटो म्हणजे उपकरण प्रत्येक वेळी सगळ्या भाषा एकामागून एक बोलून बघतं, आणि तारेवर दुसरं कुणी असेल तर या चाचपडण्यात दोघंही हरवतात.

ई) इंजिन सुरू करा. सुरू होताना बॅटरीचं व्होल्टेज खाली जातं. त्या क्षणी डोंगल बंद होऊन पुन्हा जोडला गेला तर ठीक, कायमचा अडकला तर केबलची तार बारीक आहे.

उ) वीसेक मिनिटं गाडी चालवा, शक्यतो थोडा चढ असलेल्या रस्त्यावर. परत येऊन सगळे कोड वाचा. ‘यू’ने सुरू होणारा कोड नसला पाहिजे.

डोंगल दोन असतील तर दोघांचं ब्लूटूथ नाव बहुधा एकच असतं, आणि पिनही १२३४ किंवा ००००. मार्करने खूण करा. वायफायवाल्यांचा पत्ताही सारखाच असतो, १९२.१६८.०.१०, त्यामुळे फोन कुणाशी बोलतोय ते कळत नाही. शिवाय असा डोंगल लॉजच्या पार्किंगमध्ये रात्रभर लावून ठेवणं म्हणजे शेजारच्या गाडीतल्या माणसालाही आमंत्रण आहे. वापर झाला की काढा.

७. केबल बांधा

ही पायरी छोटी आहे आणि सगळ्यात जास्त लोक तीच सोडतात. वाय केबल, तिच्यावरचा ट्रॅकर आणि डोंगल मिळून चांगलं वजन होतं. हे सगळं पोर्टवर लोंबत ठेवलं तर खड्ड्यात प्लग सुटतो, आणि सुटलेला गुंता पडतो तो नेमका ब्रेक पेडलच्या मागे. करूळ किंवा आंबा घाट उतरताना पेडल अर्ध्यावर अडलं तर पुढचं सांगायला नको.

उपकरणं डॅशबोर्डच्या आत वर ढकला. तिथल्या जाड वायरिंगच्या जुडग्याला, लोखंडी कंसाला झिप टायने बांधा. स्टिअरिंगच्या दांड्याला किंवा पेडलच्या पट्टीला कधीही बांधू नका. प्लॅस्टिकची उपकरणं कापडी टेपमध्ये गुंडाळा, नाहीतर खडखड वाजतील. मग सीटवर बसून तिन्ही पेडल पूर्ण दाबा, स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवा, पाय आडवा हलवा. बुटाला काही लागता कामा नये. ट्रॅकर पूर्ण लोखंडाआड गेला तर त्याचं जीपीएस मंदावतं, तेवढं बघून जागा निवडा.

८. दोघांनी एकदम विचारलं तर काय होतं

एसटी स्टँडच्या चौकशी खिडकीवर दोघांनी एकदम गाडी विचारली आणि आतून माइकवर एकच उत्तर आलं, तर ते कुणाला होतं हे दोघांनाही कळत नाही. इथे तसंच. ११ बिटच्या कॅनवर सगळी ओबीडी उपकरणं ७डीएफ किंवा ७ई० या त्याच त्या पत्त्यांवरून विचारतात. इंजिनचा कॉम्प्युटर ७ई८ वर उत्तर देतो, आणि ते तारेवरच्या सगळ्यांना ऐकू जातं. डोंगलने तापमान विचारलं, त्याच क्षणी डिस्प्लेने वेग विचारला, तर एकाच्या प्रश्नाचं उत्तर दुसरा आपलं म्हणून घेऊ शकतो किंवा उत्तराची वाट बघत अडतो.

छोट्या उत्तरांत हे खपून जातं, आकडे फक्त हळू बदलतात. मोठ्या उत्तरात खपत नाही. चासी नंबर १७ अक्षरांचा, एका कॅन संदेशात मावतात जास्तीत जास्त ८ बाइट. म्हणून कॉम्प्युटर पहिला तुकडा देऊन ‘पुढे पाठवू का’ म्हणून थांबतो. होकार दोन उपकरणांनी दिला की तुकड्यांची सरमिसळ होते. चासी नंबर अर्धवट येणं, कोडची यादी दर वेळी वेगळी दिसणं, ही त्याचीच चिन्हं.

लक्षणावरून कारण शोधायला ही काही नेहमीची उदाहरणं:

वेगाचा काटा डिस्प्लेवर शून्यावर आपटतो आणि परत येतो: दोन विचारणारे आहेत. एक काढा.

‘गाडीशी संपर्क होत नाही’, पण एकेकटं लावल्यावर दोन्ही चालतात: दोन्ही ऑटोवर आहेत, किंवा कुणाच्या तरी पोटात १२० ओहम आहेत.

यू०१००, यू०१२१, यू००७३ असे कोड: तारेवरचं बोलणं बिघडलं होतं. सगळी उपकरणं काढा, कोड लिहून घ्या, मग पुसा, दोन दिवस काही न लावता चालवा. परत आले नाहीत तर गाडी ठणठणीत आहे. परत आले तर वायरिंग किंवा किटण. कोड लिहून घेतल्याशिवाय पुसू नका. पुसल्यावर त्यासोबतची नोंदही जाते, आणि मेकॅनिकला शोधायला काही उरत नाही.

चालत्या गाडीत एबीएस, स्टिअरिंग, इंजिन असे तीन-चार दिवे एकदम पेटले: बाजूला घ्या, हॅझार्ड लावा, इंजिन बंद करा, वाय केबल पोर्टमधून उपटा, एक मिनिट थांबून सुरू करा. चालत्या गाडीत वाकून केबल ओढायला जाऊ नका.

९. जेव्हा बाकी सगळं काढायचंच

सॉफ्टवेअर अपडेट, चावी प्रोग्रॅमिंग, इंजेक्टरचे कोड भरणं, एबीएसमधली हवा स्कॅनरने काढणं, डिझेलच्या डीपीएफचं (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) जबरदस्तीचं रीजनरेशन, म्हणजे ती काजळी जाळणं. या कामांत स्कॅनर कॉम्प्युटरशी खास सत्र उघडतो आणि ते जिवंत ठेवायला दर काही सेकंदांनी ‘मी आहे’ असा संदेश पाठवतो. मध्येच दुसऱ्या कुणी साधा प्रश्न घातला आणि सत्र तुटलं, तर अपडेट अर्ध्यात अडकून कॉम्प्युटर निकामी होऊ शकतो. इथे स्प्लिटरही नको. स्कॅनर थेट पोर्टमध्ये, बॅटरीला चार्जर लावलेला.

म्हणूनच गाडी सर्व्हिसिंगला देताना सगळं काढून पिशवीत घरी ठेवा. मेकॅनिकला वर बांधलेला ट्रॅकर दिसत नाही, आणि तुम्ही सांगायला विसरता.

बीएस-६ डिझेलवाल्यांना एक जोड: बाजार, शाळा, जेटी असल्या लहान फेऱ्यांत डीपीएफ भरतो. काजळीचं प्रमाण दाखवणारं अ‍ॅप हवं असेल तर ते त्या कंपनीच्या खास कोडवर चालणारं घ्यावं लागतं. असे प्रश्न सतत विचारणाऱ्या अ‍ॅपसोबत दुसरं काहीही डेटावालं ठेवू नका.

१०. गाडी उभी राहणार असेल तेव्हा

१६ नंबरची पिन कायम जिवंत असते, म्हणजे उपकरणं चावी काढल्यावरही पीत राहतात. हिशोब असा करा. गाडीचं स्वतःचं २५ मिलिअँपिअर, ट्रॅकर झोपेत २०, स्वस्त डोंगल ४०. एकूण ८५. दिवसाला दोन अँपिअर-तासांहून थोडं जास्त. लहान कारची बॅटरी ३५ ची. दहा दिवसांत २० गेले. बॅटरी तीन वर्षांची असेल तर सेल्फ फिरणार नाही.

याहून वाईट म्हणजे जे उपकरण गाडी बंद असतानाही प्रश्न विचारत राहतं. ते इंजिनच्या आणि बॉडीच्या कॉम्प्युटरला झोपूच देत नाही, मग खर्च शेकडो मिलिअँपिअरमध्ये जातो आणि बॅटरी एका रात्रीत खाली बसते. तपासायचं असेल तर मीटर १० अँपिअरच्या रेंजवर, बॅटरीच्या मायनस वायरच्या आणि टर्मिनलच्या मध्ये. दारं बंद, चावी लांब, अर्धा तास थांबा. मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका, आतला फ्यूज जाईल. आकडा ५० मिलिअँपिअरच्या (मीटरवर ०.०५) खाली स्थिरावला तर बरं. नसेल तर एकेक उपकरण काढून कोणता आकडा उतरतो ते बघा.

गणपती आटोपून किंवा शिमग्यानंतर गाडी गावच्या खळ्यात ठेवून मुंबई गाठायची असेल तर डोंगल, डिस्प्ले आणि वाय केबल, तिन्ही काढा. ट्रॅकर ठेवायचाच असेल तर तो थेट पोर्टमध्ये लावा, अ‍ॅपमध्ये लो-व्होल्टेज अलर्ट १२.२ वर ठेवा, आणि अलर्ट आला की घरातल्या कुणालातरी गाडी अर्धा तास चालवून आणायला सांगा. उभ्या जागी दहा मिनिटं इंजिन सुरू ठेवल्याने बॅटरी भरत नाही. महिन्याहून जास्त राहणार असेल तर ट्रॅकरही काढा, मायनस टर्मिनल सोडवा, आणि मोकळ्या पोर्टवर झाकण नसेल तर कापडी टेपची पट्टी चिकटवा. सेलो टेप नको, पावसाळ्यात तिचा गोंद वितळून पिनांत उतरतो.